परवानगीचं दार

बायजाबाईंना माणसाचा चेहरा बघायचा असला की त्याच्या कानाकडे बघावं लागे. डोळ्यांच्या पडद्याचा आजार. मधलं सगळं पुसलं गेलेलं, कडेकडेचं तेवढं शाबूत. समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या जागी धुरकट ढग दिसे, आणि नजर जरा बाजूला सरकवली की तोच माणूस कोपऱ्यातून उगवे. सुरुवातीला त्या फार घाबरल्या, मग अंगवळणी पडलं. उभी हयात आयटीआयमध्ये मुलींना शिवण शिकवण्यात गेली होती. सुईत दोरा ओवणं सुटलं, त्याचं वाईट वाटलंच. पण जिने, रस्ते, भाजीची गाडी, बुद्धविहारातली रविवारची वंदना, हे सगळं त्यांनी कडेकडेने बघत चालू ठेवलं होतं.

वाशीत सिडकोच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. यजमान सिताराम तळोज्याच्या कारखान्यात होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी मैत्री, ती ऐरोलीला. तिथल्याच एका कंपनीत कामाला. मोबाइलवरचं ॲप कसं दिसावं, कसं चालावं, हे ठरवायचं तिचं काम. दोन-तीन वर्षांपासून तिच्याकडे एकच विषय होता: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठीचं ॲप. नाव ठेवलं होतं ‘पाठराखण’.

"तुला डोळ्यांसमोर ठेवूनच बनवलंय गं," मैत्री म्हणाली होती, आणि ते खोटं नव्हतं. पहिले काही महिने बायजाबाई त्या फोनवर खूश होत्या. कुणाचा फोन आलाय ते फोनच बोलून सांगे. निरोप वाचून दाखवी. मनगटावर घड्याळ बांधलं होतं, ते औषधाची वेळ झाली की थरथरे. विहारातल्या बायकांना त्या कौतुकाने दाखवत. "माझ्या लेकीनं केलंय."

मग एकदा ‘बँकेतून बोलतोय’ म्हणून कुणी लबाडाचा फोन आला. त्यात गेलं काही नाही, बायजाबाईंनीच त्याला झाडलं. पण मैत्रीने धसका घेतला आणि फोनमधलं नंबर लावायचं पानच काढून टाकलं. राहिली तीन मोठी बटणं. मैत्री, डॉक्टर आणि मदत केंद्र. "सोपं झालं ना आता?" तिने विचारलं. सोपं झालं होतं खरं. पण बायजाबाईंना खेडला बहिणीशी बोलायचं असलं तरी मैत्रीकरवी बोलावं लागू लागलं.

आणि त्यानंतर ती बस.

बसची पाटी मधोमध असते, आणि मधोमधचंच तर त्यांना दिसत नव्हतं. स्टॉपवरच्या एका माणसाला विचारलं, त्याने ‘हो हो, हीच’ म्हटलं, त्या चढल्या. बस निघाली ती थेट नावड्याच्या वाटेला. कळलं तेव्हा उशीर झाला होता. फोनची बॅटरीही संपली होती. पण बायजाबाई काही गांगरल्या नाहीत. नावड्याला उतरल्या, एका टपरीवरच्या बाईकडे चहा घेतला, तिच्याशी गप्पा मारल्या, तिनेच मग परतीच्या बसमध्ये बसवून दिलं. कितीतरी दिवसांनी आपण कुठेतरी गेलो, असं त्यांना येताना खिडकीशी बसून वाटत होतं.

घरी आल्या तर दारात हवालदार, जिन्यात शेजारीपाजारी, आणि मैत्री रडून रडून डोळे सुजवून बसलेली. तिच्यापुढे ‘मला मजा आली’ हे कसं सांगणार?

"एक तर ऐरोलीला माझ्याकडे चल," मैत्री दुसऱ्या दिवशी म्हणाली. आवाज अजून बसलेलाच होता. "नाहीतर मी सांगते ते दाराला लावून घे. तिसरं काही मला झेपणार नाही, आई."

ऐरोलीचं घर चौदाव्या मजल्यावर. खाली उतरलं तर गाड्याच गाड्या, ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. बायजाबाईंनी दार निवडलं.

दार म्हणजे कुलूप. ज्यांची स्मृती गेलीय, जी माणसं न सांगता घराबाहेर भटकत जातात, त्यांच्या घरांसाठी कंपनीने ते बनवायला घेतलं होतं. अजून चाचणीतच होतं. आतली मूठ नुसती शोभेची, फिरवली तरी फिरे, उघडत नसे. बाहेर जायचं तर फोनवरचं बटण दाबायचं. मग मैत्रीच्या फोनवर विचारणा जायची, तिने ‘हो’ म्हटलं की दार उघडायचं.

"आणि आग लागली तर?" बायजाबाईंनी विचारलं.

"धूर ओळखणारं यंत्र लावलंय छताला. लगेच उघडेल. आणि तू पडलीस तर ते घड्याळाला कळतं. तू उठली नाहीस, काही बोलली नाहीस, तर दार आपोआप उघडतं, लोकांना आत येता यावं म्हणून. सगळा विचार केलाय आम्ही. टेन्शन नको घेऊ."

"माझी स्मृती शाबूत आहे, मैत्री."

"माहितीय गं. थोडे दिवस. माझ्यासाठी."

‘माझ्यासाठी’ म्हटल्यावर आई काय बोलणार?

पहिल्याच सकाळी बायजाबाई पिशवी घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. बटण दाबलं. फोनमधून एक गोडगोड बाई बोलली, "आजी, कृपया थांबा. मैत्रीला विचारत आहोत."

"मी तुझी आजी नाही," बायजाबाई म्हणाल्या. पण ती कुठे ऐकत होती?

खट्ट झालं, दार उघडलं. त्या दिवशी लगेच उघडलं. पण मैत्री काही चोवीस तास फोन हातात धरून बसलेली नव्हती. तिच्या बैठका असत, गाडी चालवणं असे, आंघोळ असे. मग बायजाबाई पायात चपला, खांद्याला पिशवी, अशा दाराला टेकून उभ्या राहत. बसायला जावं तर तेवढ्यात दार उघडून पुन्हा लागेल ही धास्ती. कपाळ दाराला लावून त्या बाहेरचे आवाज ऐकत. खालच्या मजल्यावरचा कुकर, जिन्यातून धावत जाणारं कुणाचं पोर. कधीकधी दार उघडायच्या ऐवजी मैत्रीचा फोन येई. "आई, आत्ता ऊन आहे गं, संध्याकाळी जा ना." किंवा, "आज विहारात नाही गेलीस तर चालणार नाही का? रस्ता खणलाय तिकडे, बातम्यांत दाखवलं." मैत्री कधीच रागावून नाही म्हणायची नाही. प्रेमाने म्हणायची. प्रेमाने म्हटलेल्या ‘नाही’शी भांडायचं कसं, हे बायजाबाईंना उमगत नसे.

हळूहळू त्यांनी बटण दाबणंच कमी केलं. भाजी खालून कुणीतरी आणून देई, दूध मैत्रीने लावून दिलं होतं, त्यापुरतं दार ती फोनवरून उघडी. विहारातल्या बायकांनी दोनदा विचारलं, मग विचारेनाशा झाल्या. स्वतःच्या घरात त्या पाहुण्यासारख्या वावरू लागल्या. फोन मात्र रोज रात्री सांगे, "आजी, आजचा दिवस सुरक्षित गेला."

समोरच्या दारात राहायची गोजरा. मूळची इथलीच, खाडीकाठच्या आगरी घरातली. भातशेती गेली, त्यावर शहर उभं राहिलं, आणि मुलगा प्रीतमने इथे फ्लॅट घेतला तशी गोजरा गावातून इमारतीत आली. प्रीतमच्या गाड्या भाड्याने चालायच्या, तो दिवसभर बाहेर. सून सोनल शाळेत नोकरीला. गोजराला साखरेचा जुना आजार, रोज पोटात सुई टोचून घ्यायची. तोंडाने फटकळ, पण ताटातला चांगला तुकडा दुसऱ्याला वाढणारी बाई.

दाराचं प्रकरण कळल्यावर ती बाहेरून ओरडली होती, "बायजाबाय, काय गो हे? तुज्या पोरीनं तुला कोंबरीवानी कोंरली!"

बायजाबाई हसल्या होत्या.

तेव्हापासून गोजरा दुपारी बाहेर जिन्याच्या पायरीवर येऊन बसे आणि दोघी बंद दारातून गप्पा मारत. एक आत पाटावर, एक बाहेर पायरीवर. गोजरा सुनेची तक्रार करी, गावच्या जत्रेचं सांगे, खाडीत पूर्वी कुठे निवट्या मासे मिळत ते सांगे. तुरुंगात मुलाखतीला नातेवाईक येतात, तसं बायजाबाईंना वाटे. पण गोजराला तसं बोलून दाखवलं नाही. ती यायची थांबली असती तर?

त्या दिवशी मैत्रीने सकाळीच फोन केला होता. "आई, आज कंपनीत मोठे लोक येणारेत. पाठराखण दाखवायचंय त्यांना. दुपारभर माझा फोन बंद असेल. तुला कुठं जायचं नाहीये ना?"

"मला कुठं जायचं असणार?" बायजाबाई म्हणाल्या.

दुपारी जेवण आटोपून त्या पाटावर येऊन बसल्या. समोरच्या दाराची कडी वाजली, गोजराचे पाय फरशीवर घासले. नेहमीसारखे नाही. ओढत टाकल्यासारखे.

"गोजरा?"

"बायजाबाय…" आवाज जड होता. "मना कसातरी व्हतंय गो. हाता-पायाला घाम सुटलाय." आणि मग धप्प असा आवाज झाला. स्टीलचं भांडं घरंगळत दोन पायऱ्या खाली गेलं.

बायजाबाई उठल्या, दाराला भिडल्या. "गोजरा! काय झालं?"

"मी परले गो… दार उघर…"

"सुई घेतलीस ना सकाळी? जेवलीस का त्यावर?"

"नाय… भूकच नव्हती…" पुढचं काही तिला नीट बोलता येईना. शब्द एकमेकांत मिसळत होते, दारू प्यायलेल्या माणसासारखे. बायजाबाईंना कळलं. सुई घेऊन ही उपाशी राहिली, अंगातली साखर उतरलीय. मागे एकदा असंच झालं होतं, तेव्हा त्यांनीच साखरेचं पाणी पाजलं होतं आणि बघता बघता गोजरा ताळ्यावर आली होती. तेव्हा दार उघडं होतं.

त्यांनी फोन घेतला, बटण दाबलं.

"आजी, कृपया थांबा. मैत्रीला विचारत आहोत."

त्यांनी मैत्रीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मूठ धरून हिसडली. ती गुळगुळीत फिरली, फिरतच राहिली. स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन त्यांनी हाका मारल्या. "कुणी आहे का? अहो, वर या कुणीतरी!" मागची गल्ली दुपारची ओस पडलेली. लांब कुठेतरी गाडी मागे घेतल्याची पिपाणी वाजत होती. शेजारच्या इमारतीत कुणाचा तरी टीव्ही चालू होता. इमारतीतली सगळी कामाला गेलेली, उरलेली झोपलेली. परत दाराशी आल्या.

"गोजरा, ऐकतेस ना? बोल काहीतरी."

"हूं," बाहेरून आलं.

डॉक्टरचं बटण दाबलं, दवाखाना दुपारचा बंद, नुसतीच घंटी वाजली. तिसरं बटण मदत केंद्राचं. एका मुलाने फोन उचलला. आवाज नम्र होता.

"नमस्कार मॅडम, पाठराखण मदत केंद्र. तुम्ही पडलात का? काही दुखापत?"

"मला काही झालं नाही. माझी शेजारीण जिन्यात पडलीय. साखर उतरलीय तिची. माझं दार उघड बाळा, मला तिला साखर द्यायचीय."

"शेजारी आमच्या सेवेत आहेत का मॅडम?"

"नाहीत. दार उघड."

"मॅडम, दार उघडायचा अधिकार फक्त तुमच्या कुटुंबाकडे आहे. मी मैत्री मॅडमना फोन लावतो."

"तिचा फोन बंद आहे!" बायजाबाईंचा आवाज चिरकला. "बरं, तू रुग्णवाहिका बोलाव. एवढं तरी करशील?"

"हो मॅडम, ते करतो. लगेच करतो." तो मुलगा मनाने वाईट नव्हता. त्याच्या आवाजात आता भीती होती. "पण दार माझ्याकडून उघडतच नाही हो. तसं बटणच नाहीये माझ्याकडे."

रुग्णवाहिका येईल, पण तोवर? बायजाबाईंनी स्वयंपाकघरातून साखरेचा डबा आणला. दाराच्या खाली फट आहे का बघितलं. बोटही जाईना. झुरळं येतात म्हणून मैत्रीनेच तिथे रबर लावून घेतलं होतं. डबा हातात धरून त्या उभ्या राहिल्या. एका बाजूला साखर, दुसऱ्या बाजूला गोजरा, मध्ये बोटभर जाडीचं लाकूड.

"गोजरा!"

या वेळी ‘हूं’ही आलं नाही. नुसता घोरल्यासारखा श्वास.

तेव्हा त्यांना आठवलं, हे दार आणखी दोन कारणांनी उघडतं. धूर करायचा तर धड दिसत नाही, घरच पेटायचं; पण दुसरं कारण मनगटावर होतं.

त्यांनी घड्याळाचा हात उचलून पलंगाच्या गादीवर जोरात आपटला. काही नाही. लाकडी कडेवर आपटला. घड्याळ थरथरलंसुद्धा नाही. ते यंत्र हुशार होतं. हात आपटणं वेगळं आणि माणूस पडणं वेगळं, हे त्याला शिकवलेलं होतं. शिकवणाऱ्यांत त्यांची मुलगी होती.

मग पडायलाच हवं.

बायजाबाई खोलीच्या मध्यभागी येऊन उभ्या राहिल्या. वय झाल्यापासून त्यांनी एकच गोष्ट सांभाळली होती: पडायचं नाही. न्हाणीघरात खरखरीत चटई, जिन्यात कठड्याला हात, ओल्या फरशीवरून पाय घट्ट रोवत चालणं. त्यांच्या आईचं मांडीचं हाड मोडलं होतं आणि ती त्यानंतर अंथरुणातून उठली नव्हती. आता मुद्दाम पडायचं होतं. त्यांनी अंग सैल सोडलं, पण शेवटच्या क्षणी हात आपसूक कपाटाकडे गेला आणि त्यांनी स्वतःला सावरलं. शरीर ऐकेना. त्यांना स्वतःचाच संताप आला. बाहेरचा श्वास थांबून थांबून येत होता.

त्या कपाटापासून लांब सरकल्या. डोळे मिटले. आणि झाडासारख्या आडव्या झाल्या.

उजव्या मनगटात काहीतरी कडकन वाजलं. कळ मस्तकापर्यंत गेली. तोंडातून आरोळी येणार होती, ती त्यांनी दातांखाली दाबली.

"आजी, तुम्ही पडलात का?" घड्याळ बोललं. "ठीक असाल तर हात हलवा किंवा ‘ठीक आहे’ म्हणा."

हलायचं नव्हतं. बोलायचं नव्हतं. बायजाबाई थंड फरशीवर गाल टेकून पडून राहिल्या. मनगट आगीत धरल्यासारखं जळत होतं आणि त्याला दुसऱ्या हाताने नुसतं धरायचीही सोय नव्हती. श्वाससुद्धा हळू घ्यायचा. फरशीची एक कड तेवढी त्यांना दिसत होती, पलंगाखालची धूळ, सिताराम यांची जुनी पेटी. आपण मेल्यावर असंच दिसेल का सगळं, असा एक विचार येऊन गेला.

"आजी, तुम्ही ठीक आहात का?" पुन्हा. आणि मग शांतता. घड्याळ वाट बघत होतं. बायजाबाई वाट बघत होत्या. बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं.

खट्ट.

त्या कशा उठल्या ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. डाव्या हातात साखरेचा डबा होता एवढं खरं. दार ढकललं. गोजरा पायरीच्या कडेला वाकडी होऊन पडली होती, तोंड भिंतीकडे. बायजाबाई तिच्याशेजारी बसल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं. बोटांनी तोंड चाचपून शोधलं आणि चिमूटभर साखर गालाच्या आत, हिरडीला चोळली. मग पुन्हा. मग पुन्हा. पाणी पाजायचं नाही, ठसका लागेल, हे त्यांनी मागच्या वेळी डॉक्टरकडून ऐकलं होतं. गोजराचा घाम त्यांच्या लुगड्याला लागत होता. "गिळ गं बाई. गिळ ना."

कितीतरी वेळाने, निदान त्यांना तसं वाटलं, गोजराच्या ओठांची हालचाल झाली. तिने जीभ फिरवली.

"गोर हाय," ती पुटपुटली.

बायजाबाईंना एकदम रडू फुटलं.

रुग्णवाहिकेची माणसं स्ट्रेचर घेऊन धापा टाकत वर आली तेव्हा पायरीवर दोन म्हाताऱ्या एकमेकींना धरून बसल्या होत्या. एकीचं तोंड साखरेने माखलेलं, दुसरीचं मनगट वांग्यासारखं सुजलेलं.

"पेशंट कोण आहे यातलं?" एकाने विचारलं.

"दोगीपन," गोजरा म्हणाली.

मैत्री इस्पितळात पोचली तेव्हा बायजाबाईंच्या हाताला प्लास्टर घालून झालं होतं. कंपनीत तिने फोन चालू केला तेव्हाच इशाऱ्यांची रांग लागलेली होती, आणि सगळ्यांत वर लाल अक्षरात: आई पडली. वाटेत तिने ऐरोलीच्या घरातली मधली खोली आईसाठी रिकामी करायला नवऱ्याला सांगूनही टाकलं होतं.

"बस्स झालं आता," ती आईला बिलगून म्हणाली. "एकटं राहायचं नाही. तुझं मी काही ऐकणार नाही."

"मी पडले नाही, मैत्री. मी स्वतःला पाडलं."

"आई…"

"दार उघडायला. गोजरा बाहेर मरत होती."

मैत्रीने आईच्या केसांवरून हात फिरवला. त्या हातात माया होती, आणि अविश्वासही होता. डोक्याला मार लागलेल्या माणसाचं आपण असंच ऐकून घेतो. "बरं. आपण नंतर बोलू हं."

फोनमध्ये ‘आई पडली’ असं लिहिलं होतं. ‘आईने स्वतःला पाडलं’ असं लिहायची त्याच्यात सोयच नव्हती. बायजाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दाराआड कोंडल्या गेल्या होत्या तेव्हा निदान दारावर बुक्क्या तरी मारता येत होत्या.

संध्याकाळी मैत्री आईचे कपडे आणायला वाशीच्या घरी गेली. परत आली ती पलीकडच्या वॉर्डात गोजराला भेटून. खुर्ची ओढून ती पलंगाशी बसली. बायजाबाईंनी तिच्या कानाकडे नजर लावली, तेव्हा कोपऱ्यातून तिचा चेहरा दिसला. रडलेला.

"गोजरामावशींनी सांगितलं," मैत्री म्हणाली. "शिव्या पण घातल्या मला."

"तिचं तोंडच तसं आहे."

"नाही, बरोबर आहे त्यांचं. आई, दाराच्या आतल्या बाजूला तेलाचा डाग आहे. केवढा मोठा. मला आधी कळेचना कसला. मग मी तिथे उभी राहून बघितलं. तुझं कपाळ टेकतं तिथेच आहे तो." तिचा आवाज फुटला. "तू एवढा वेळ उभी राहायचीस? मला तर वाटायचं, दोन मिनिटांचं काम आहे. माझ्या फोनवर नुसतं ‘विनंती आली’ असं यायचं. मी चहा संपवून बघायची."

बायजाबाईंनी डाव्या हाताने मुलीचा हात चाचपला आणि धरून ठेवला.

प्लास्टर निघेपर्यंत त्यांना ऐरोलीला राहावंच लागलं. एका हाताने भाकरी थापता येत नाही, हे त्यांनाही मान्य होतं. चौदाव्या मजल्यावरून खाडी दिसते, असं सगळे म्हणत. त्यांना आभाळाची एक पांढरी पट्टी दिसे. दिवस संपता संपत नसत. जावई भला माणूस, विचारपूस करी, आणि त्या विचारपुशीनेही त्यांना गुदमरल्यासारखं होई. या खोलीला कुलूप नव्हतं, पण जायला ठिकाणही नव्हतं. आपण इथेच मुरणार, अशी धास्ती त्यांना काही काही दुपारी पडे.

मैत्री कंपनीत भांडत होती. ते कुलूप काढून टाका म्हणत होती. वरचे लोक म्हणत होते, मुलांना तेच तर हवंय, सगळ्यांत जास्त मागणी त्यालाच आहे. शेवटी एवढंच झालं की आतली मूठ कायम चालती राहील, माणूस बाहेर पडला तर घरच्यांना फक्त कळेल. मैत्रीला ते अपुरं वाटलं. ती संतापून घरी आली.

"तू मला एकदा तरी विचारलंस का," बायजाबाई तिला म्हणाल्या, "की मला त्या फोनमध्ये काय हवंय?"

मैत्री आईसमोर जमिनीवर बसली. "विचारते. काय हवंय?"

"बसची पाटी वाचून दाखवायला लाव त्याला. नंबर लावायचं पान परत दे. तुझ्याआधी गोजराचा नंबर घाल, ती जवळ आहे. आणि त्या बाईला मला आजी म्हणायचं बंद करायला सांग."

"आणि तू कुठे आहेस ते मला दिसावं की नाही?"

बायजाबाईंनी विचार केला. "मी दाखवेन तेव्हा दिसावं."

"मला भीती वाटते गं, आई."

"मलाही वाटते. रस्ता ओलांडताना रोज वाटते. पण ती माझी मला बाळगू दे."

मैत्रीने मान हलवली. पटलं म्हणून की दमली म्हणून, ते बायजाबाईंना नीट दिसलं नाही.

वाशीला परतल्या त्या दिवशी सुताराने जुनीच साधी कडी बसवली होती. मनगट अजून पुरतं वळत नव्हतं, पुढेही वळणार नव्हतं. मैत्री सामान लावून, फ्रिज भरून, दहा सूचना देऊन गेली. तिची गाडी गेल्याचा आवाज आला तरी बायजाबाई खुर्चीतच बसून होत्या. दाराकडे जायचं धाडस होईना. कुणाला न विचारताही बाहेर पडता येतं, हे अंग विसरलंच होतं.

पहिले दोन दिवस त्या घरातच राहिल्या. तिसऱ्या दिवशी गोजराने बाहेरून हाक मारली, "मेथी आलीय गो गारीवर, येतेस का?"

"आले," बायजाबाई म्हणाल्या. पिशवी घेतली, चपला घातल्या. कडी डाव्या हाताने सरकवायला वेळ लागला. जिन्यात फोन वाजला. मैत्रीचा होता. बायजाबाईंनी एक हात कठड्यावर ठेवला होता, दुसऱ्यात पिशवी होती. खाली गेल्यावर करू, असं मनाशी म्हणत त्या कडेकडेने बघत एकेक पायरी उतरू लागल्या. फोन वाजून वाजून थांबला, आणि पुन्हा वाजायला लागला.